खत राहिले, बी गेले

इंदूर शहर रोज घराघरांतून ओला कचरा वेगळा काढते, देवगुराडियाच्या प्रकल्पात नेते, त्याचा गॅस करते आणि उरलेल्याचे खत. फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता दिवसाला 550 टन ओल्या कचऱ्याची. इंदूरकर हा आकडा कौतुकाने सांगतात आणि तो सांगण्यासारखा आहेच. पण या गावाचे खताशी असलेले नाते स्वच्छतेच्या बक्षिसांहून बरेच जुने आहे. जगभरचे सेंद्रिय शेतकरी ज्या कंपोस्टला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, ती इथलीच.

1924 मध्ये कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इंदूरला आले ते कापसासाठी. होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे 300 एकर जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. त्यांची खताची रीत तिथेच ठरली. पऱ्हाट्या गाडीवाटेवर अंथरायच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चिरडतात. मग त्या, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचायचे, तीनदा परतायचे. तीन महिन्यांत काळेभोर खत तयार. हे सारे 1931 मध्ये पुस्तकरूपाने आले आणि त्यावर दोन नावे होती: हॉवर्ड आणि संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड. दुसरे नाव पुढे बहुतेकांच्या बोलण्यातून गळाले. मराठी वाचकाने तरी ते ध्यानात ठेवावे.

हॉवर्ड इंदूरला येण्यापूर्वी जवळजवळ दोन दशके बिहारमधल्या पुसा येथे होते. पत्नी गॅब्रिएल यांच्यासह त्यांनी भारतभरच्या गव्हांची छाननी केली आणि देशी गव्हांतूनच निवडून सुधारित वाण दिले. म्हणजे ज्याने जगाला खत शिकवले, तो आधी बियाण्याचा माणूस होता. आपण त्याचे अर्धेच ऐकले.

उरलेले अर्धे न ऐकल्याची किंमत माळव्याच्या काळ्या रानात दिसते. पावसाळ्यात जमीन मोकळी ठेवायची, ओल धरायची आणि त्या ओलीवर हिवाळ्यात कठिया गहू पिकवायचा, ही इथली जुनी रीत. आपल्याकडचा बन्सी ज्या कुळीतला, त्याच कुळीतला हा गहू. बाफले आणि लाडू याच्याच जाडसर पिठाचे. 1970 नंतर त्या मोकळ्या रानात सोयाबीन आले आणि बघता बघता ज्वारीचीही जागा त्याने घेतली. सोयाबीनला शिव्या घालणे सोपे आहे. माळव्यातल्या किती घरांवर त्याच पैशाने स्लॅब पडला, हेही मोजावे लागेल. तक्रार पिकाबद्दल नाही, मोजक्या वाणांवर सगळे रान टाकण्याबद्दल आहे. 2020 च्या खरिपात पिवळा मोझॅक आणि खोडमाशी आली, तेव्हा शिवारेच्या शिवारे एकदम पिवळी पडली. शेजारच्या बांधावर वेगळे बी असते, तर निदान तेवढे वाचले असते.

‘सेंद्रिय’ ही पाटी लावली की हा प्रश्न सुटतो, असा एक समज आहे. निमाडच्या कापसाने तो खोटा ठरवला. खरगोन जिल्ह्यातल्या कसरावद भागात 1990 च्या दशकापासून सेंद्रिय कापूस होतो. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि दहा वर्षांच्या आत देशातला बहुतेक कापूस बीटी झाला. सेंद्रिय शेतीत जनुकबदल केलेले बीटी बी चालत नाही. खत होते, गायी होत्या, प्रमाणपत्रही होते. पेरायला बी मात्र दुकानात मिळेना! अखेर शेतकरी, कापूस घेणारी संस्था आणि खंडव्याचे संशोधन केंद्र यांनी मिळून शेतातच देशी कापसाची निवड सुरू केली. कोणते झाड ठेवायचे आणि कोणते नाही, हे ठरवताना आता शेतकऱ्याचा शब्द चालतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आणि सतना जिल्ह्यातले बाबूलाल दाहिया यांना पद्मश्री देऊन सरकारने देशी बी राखण्याच्या कामाचा गौरव केला. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, वाटण्याचा, ब्रँड न लावता विकण्याचा हक्कही दिला. हक्क आहे, सन्मान आहे, गिऱ्हाईक नाही. शाळेच्या आहारात आणि अंगणवाडीत माळव्याची ज्वारी आणि कठियाचा दलिया जाऊ लागला, तर कुणाला सांगायला नको; बी आपोआप राखले जाईल. ठेवणीतल्या बियाण्याला राख आणि कडुनिंबाचा पाला लागतो तसा बाजारही लागतो.

दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत उणे 18 अंशांवर लाखो नमुने आहेत, मग चिंता कशाची, असे कुणी म्हणेल. पण आंब्याची कोय वाळवून गोठवली की मरते. आंब्याची पेढी म्हणजे उभे झाडच. अलीराजपूर जिल्ह्यातल्या कट्ठीवाड्याच्या नूरजहाँ आंब्याचे एकेक फळ दोन-तीन किलोचे. 2021 मध्ये एका फळाला पाचशे ते हजार रुपये मिळाल्याच्या बातम्या आल्या, फोटो छापले गेले. झाडे मात्र बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

हॉवर्ड यांची संस्था आज इंदूरचे कृषी महाविद्यालय आहे. शहर वाढत वाढत तिच्या कुंपणाला येऊन भिडले आहे. 2022 मध्ये तिची जमीन शहराच्या दुसऱ्या योजनांसाठी घेण्याच्या हालचाली झाल्या, तेव्हा विद्यार्थ्यांना आंदोलन करावे लागले. इतकी मोक्याची जमीन शेतीसाठी कशाला, असे विचारणाऱ्यांना उत्तर द्यायचे तर ते जमिनीवरच दिसले पाहिजे. तिथला एक तुकडा कठिया, ज्वारी आणि देशी कापूस यांच्यासाठी राखावा, गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपले बी तिथे लावावे, दर हंगामाला वाटून न्यावे. देवगुराडियाचे खत त्याच वाफ्यांत पडू द्यावे. आणि एक कोपरा आंब्यासाठी. जूनमध्ये नूरजहाँची फळे उतरतात, त्यामागून पावसाळ्यात कलमे बांधायचा हंगाम येतो. कट्ठीवाड्याहून कलमकाड्या इंदूरला आणायला गाडीने एक दिवस पुरतो.