चाळीस पौंडांची काठी

स्कॉटलंडचा स्नूकरपटू स्टीफन हेंड्री याची क्यू, म्हणजे चेंडू टोलण्याची लांब काठी, पोरवयात घेतलेली. किंमत अवघी ४० पौंड. कीर्ती आली, पैसा आला, तरी त्याने ती बदलली नाही. १९९० ते १९९९ या काळातील सातही जागतिक विजेतेपदे तिच्याच बळावर मिळाली. २००३ मध्ये विमानप्रवासात ती मोडली. भरपाई मागायची तर कोणत्या आकड्याची? काठीचे वजन, तोल, निमुळता घाट हाताच्या अंगवळणी पडायला वर्षे लागतात. ती वर्षे बिलात मांडता येत नाहीत. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यावरही आजोबांचा तराजू भंगारात न घालणाऱ्या परभणीच्या मोंढ्यातील पेढीवाल्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको. मात्र हेंड्रीच्या पुढील अपयशाचे खापर त्या मोडक्या काठीवर फोडणे न्याय्य नव्हे. ती शाबूत असतानाच, २००२ च्या अंतिम सामन्यात, आठवे विजेतेपद हुकले होते.