सेमी-इंग्रजीवाल्यांनी एकदा मलेशियाकडे बघावं

इंग्रजी माध्यमाचा विषय निघाला की कमेंटमध्ये दोन वाक्यं ठरलेली. 'जपान, चीन इंग्रजीशिवायच पुढे गेले ना?' आणि 'सिंगापूर बघा!' दोन्हीकडचे लोक अर्धंच सांगतात.

जपानने २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय केला. दक्षिण कोरियात तिसरीपासून इंग्रजी १९९७ मध्येच आलं, चीनने २००१ मध्ये तेच धोरण घेतलं. म्हणजे इंग्रजी त्यांनाही हवीच आहे. पण गणित-विज्ञान ते स्वतःच्या भाषेत शिकवतात. इंग्रजी विषय असणं वेगळं, माध्यम असणं वेगळं. आणि सिंगापूर? १९८७ मध्ये सगळ्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या झाल्या, खरंय. पण ते एक शहर आहे भाऊ, मुंबईपेक्षा थोडंसं मोठं. तिथे शिक्षक पुरवणं आणि मेळघाटात पुरवणं सारखं का?

आपली खरी तुलना मलेशियाशी होते, आणि त्याचं नाव कुणी काढत नाही. २००३ मध्ये महाथिर पंतप्रधान असताना तिथे गणित-विज्ञान मलयऐवजी इंग्रजीतून सुरू झालं. थोडक्यात, आपलं सेमी-इंग्रजी. लॅपटॉप वाटले, प्रशिक्षणं झाली. पण स्वतः मलयमधून शिकलेला मास्तर पोरं अडकली की पुन्हा मलयवरच यायचा. खेड्यातली पोरं मागे पडतायत म्हणून २००९ मध्ये सरकारने माघार जाहीर केली. शहरी पालक चिडले. मग २०१६ पासून काही शाळांना पर्याय परत दिला, पण अटी घालून: इंग्रजीतून शिकवू शकणारे शिक्षक हवेत, पालकांची संमती हवी, आणि शाळेचा मलय भाषेचा निकालही चांगला हवा. ही शेवटची अट पुन्हा वाचा.

आणि आपण? पट टिकवायचा म्हणून शाळेच्या भिंतीवर 'सेमी-इंग्रजी' रंगवतो, झालं! मराठीतून डी.एड. केलेल्या बाईंच्या हातात इंग्रजी गणिताचं पुस्तक. पोरगं 'न्यूमरेटर, डिनॉमिनेटर' घोकतं, अर्धी भाकरी मोठी की पाव, विचारलं की गप्प. यात बाईंचा दोष नाही आणि पालकांचाही नाही. नोकरीच्या मुलाखतीत काय विचारतात ते पालकांना दिसतं.

इंग्रजी विषय म्हणून महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून आहे. तो नीट शिकवायला किती पैसा, किती माणसं दिली, याचा हिशेब आधी द्या.

तुमच्यापैकी जे शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या शाळेत विज्ञान इंग्रजीतून शिकवू शकणारे शिक्षक किती? उत्तर लेखी घ्या. आणि इथे कमेंटमध्ये टाका.