विश्लेषण : वृद्धाश्रमातील सेवेचा दर्जा तपासायचा कोणी?

परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत ऐंशीच्या घरातील, गुडघे धरलेली एखादी आजी मुद्दाम पाणी कमी पिते. पाणी प्यायले की उठावे लागते, उठण्यासाठी कोणाला तरी हाक मारावी लागते आणि हाक मारली की चार शब्द ऐकावे लागतात. त्यापेक्षा तहान सोसलेली बरी, असा तिचा हिशेब असतो. दोन-चार दिवसांत लघवीला जळजळ सुरू होते, ताप येतो, ती असंबद्ध बोलू लागते आणि अखेर तिला रुग्णालयात न्यावे लागते. कागदावर कारण ‘संसर्ग’ असे नोंदवले जाते. खरे कारण एवढेच, की शौचाला नेण्यासाठी वेळेवर हात मिळाला नाही.

घरातही हे घडते. मात्र पैसे घेऊन, देणग्या घेऊन किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या वृद्धाश्रमात ते घडले तर त्याची विचारणा कोणी करायची, हा प्रश्न आता टाळता येणारा नाही.

हा प्रश्न आताच का?

२०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती आणि राज्यात साठीपुढच्यांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. तोच हिशेब जिल्ह्याला लावला तर ज्येष्ठांची संख्या पावणेदोन लाखांच्या पुढे जाते. त्यानंतर ती वाढलीच असणार. मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुणे, मुंबई, संभाजीनगर गाठतात. गंगाखेड, पालम, जिंतूर या भागांतून ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे काही महिने बाहेर असतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे. वृद्धाश्रम म्हणजे मुलांनी टाकून दिलेल्यांची जागा, ही समजूत अजून गेलेली नाही. पण अपत्य नसलेले, मुले परगावी असलेले, अंथरुणाला खिळलेले किंवा स्मृतिभ्रंश झालेले ज्येष्ठ तिथे वाढत जाणार. त्यांना दोन वेळच्या जेवणाइतकीच रोजच्या आधाराचीही गरज असते.

व्यक्तिगत सेवा म्हणजे नेमके काय?

आंघोळ घालणे, शौचाला नेणे, कपडे बदलणे, भरवणे, दात किंवा कवळी स्वच्छ करणे, केस विंचरणे, नखे कापणे, कूस बदलून देणे ही सारी कामे त्यात येतात. औषधोपचाराइतके महत्त्व त्यांना कोणी देत नाही, कारण ती ‘घरातल्या बायांची कामे’ मानली गेली. गंगाखेडच्या जनाबाईंच्या कथांमधला विठ्ठल मात्र त्यांची वेणीफणीही करतो. दुसऱ्याच्या देहाची काळजी घेणे कमीपणाचे नाही, हे या मातीला कोणी नव्याने शिकवायला नको.

सेवा चुकली तर काय बिघडते?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ते झाले नाही तर माकडहाड, खुबे आणि टाचा यांवर सतत दाब पडून आधी लाली, मग फोड आणि मग हाडापर्यंत जाणारी जखम होते. आडवे ठेवून घाईने भरवले तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. परभणीची थंडीही उन्हाळ्याइतकीच कडक. काही वर्षी किमान तापमान पाच अंशांच्या खाली उतरते. अशा सकाळी बंबातले कढत पाणी आधी बादलीत ओतले आणि नंतर विसण घातले, तर संवेदना कमी झालेल्या त्वचेला भाजल्याचे कळतही नाही. ओल्या न्हाणीत आधाराची दांडी नसेल तर पाय घसरून खुब्याचे हाड मोडते आणि अनेकांचे चालणे तिथेच संपते.

संसर्गाचा धोका वेगळाच. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात एका वृद्धाश्रमात ६० हून अधिक जणांना करोनाची लागण झाल्याचे आढळले होते. एकत्र राहणाऱ्या वृद्धांमध्ये आजार किती झपाट्याने पसरू शकतो, हे त्यातून दिसले.

कायदा काय सांगतो?

‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७’ हा याबाबतचा मुख्य कायदा. त्याच्या कलम १९ नुसार राज्य सरकार टप्प्याटप्प्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम स्थापन ‘करू शकेल’. शब्द ‘करील’ असा नाही, ‘करू शकेल’ असा आहे. त्याच कलमात या वृद्धाश्रमांसाठी सेवेची मानके ठरवण्याचीही तरतूद आहे. चरितार्थाचा दावा ऐकण्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी न्यायाधिकरणाचा प्रमुख असतो. ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास कलम २४ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. महाराष्ट्राने या कायद्याखालील नियम २०१० मध्ये केले. मातोश्री वृद्धाश्रम योजना तर त्याआधी, १९९५ पासूनची.

मग उणीव कुठे आहे?

हा कायदा मुख्यतः मुलांची जबाबदारी आणि सरकारी वृद्धाश्रम यांच्याभोवती फिरतो. खासगी किंवा संस्थेच्या वृद्धाश्रमाने नोंदणी केलीच पाहिजे, अशी सक्ती त्यात नाही. संस्था न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात नोंदलेली असते. पण तिथे तपासले जातात ते हिशेब. कोणाच्या पाठीला जखम आहे, हे ताळेबंदात दिसत नाही. केंद्राच्या नमुना नियमांत निवासाच्या खोलीत प्रत्येकी साडेसात चौरस मीटर जागा असावी, असे मोजून सांगितले आहे. आहार, स्वच्छता, डॉक्टर यांचा उल्लेखही आहे. परंतु रात्री दोन वाजता किती अंथरुणांमागे किती माणसे जागी असावीत, हे मोजमाप कुठेच ठळकपणे पुढे येत नाही.

ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात होता. वृद्धाश्रमांची आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी, तसेच किमान मानके त्यात प्रस्तावित होती. विधेयक स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले.

विसंगती पाहा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला आयुष्मान योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. जखम चिघळून रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर सरकार खर्च करील. ती जखम होऊ नये म्हणून कूस बदलणाऱ्या हातांसाठी मात्र तशी तरतूद नाही.

इतरत्र काय पद्धत आहे?

इंग्लंडमध्ये ज्येष्ठांसाठीच्या आधारयुक्त घरांत छप्पर आणि सेवा या दोन गोष्टी वेगळ्या मानतात. घर भाड्याचे असो वा मालकीचे, तिथे व्यक्तिगत सेवा देणाऱ्या संस्थेला ‘केअर क्वालिटी कमिशन’कडे नोंदणी करावी लागते. आयोग तपासणी करून ‘उत्कृष्ट’ ते ‘अपुरी’ अशा चार श्रेणी देतो आणि अहवाल सर्वांसाठी खुला असतो. ही व्यवस्थाही निर्दोष नाही. २०२४ मधील एका सरकारी आढाव्यात याच आयोगावर तपासण्या रखडल्याचा ठपका आला. तरीही ‘इमारत चांगली म्हणजे सेवा चांगली’ हा समज तिथे कायद्याने मोडला, हे घेण्यासारखे आहे.

परभणी जिल्ह्यात काय करता येईल?

कडक परवाना पद्धत एकदम आणली तर देणग्यांवर जेमतेम चालणारे छोटे आश्रम बंद पडतील, हा आक्षेप खरा आहे. बंद झालेल्या आश्रमातील माणसे जाणार कुठे? म्हणून सुरुवात टाळे लावण्यापासून नको, नोंदीपासून हवी. जिल्हाधिकारी आणि समाजकल्याण कार्यालयाने नऊही तालुक्यांतील वृद्धाश्रमांची यादी करून प्रसिद्ध करावी. आरोग्य विभागाने तीन महिन्यांतून एकदा, न कळवता, भेट द्यावी आणि मोजक्याच गोष्टी पाहाव्यात : अंगावर दाबाच्या जखमा किती, वजन किती घटले, पडण्याच्या घटना किती, रात्री ड्यूटीवर कोण.

राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष आणि खालच्या पातळीवर तपासणी केंद्रे यांची तरतूद आहे. त्याच यंत्रणेतून आश्रमातील सेवकांना प्रशिक्षण देणे अवघड नाही. शिवाय सेवकांकडेही पाहिले पाहिजे. एकाच बाईने पंधरा जणांची आंघोळ, धुणे आणि जेवण उरकायचे असेल, तर तिच्या आवाजात चीड येणारच. तिचा पगार, सुट्टी आणि पाठदुखी हासुद्धा ज्येष्ठांच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

कुटुंबाने काय पाहावे?

रंगरंगोटी आणि देवघर पाहून आश्रम निवडू नये. न सांगता, शक्यतो संध्याकाळनंतर जावे. न्हाणीत दांडी आहे का, पाण्याचा तांब्या हाताला येईल असा आहे का, औषधांची नोंदवही आहे का, कोणाला खाटेला बांधले तर नाही ना, हे पाहावे. आपल्या माणसाची पाठ आणि टाचा स्वतः तपासाव्यात. स्त्रियांच्या आंघोळीला स्त्री सेविकाच असते का, हे विचारावे. तक्रार असेल तर ‘एल्डरलाइन’चा १४५६७ हा निःशुल्क क्रमांक आहे.

तक्रार केली तर उद्यापासून आपल्याला कोण उठवील, ही भीती मात्र कोणत्याही क्रमांकाने जात नाही. परावलंबी माणूस ज्याच्या हाताने जेवतो, त्याच्याविरुद्ध बोलत नाही. त्यामुळे वृद्धाश्रमात तक्रारी नाहीत याचा अर्थ सारे ठीक आहे, असा प्रशासनाने काढू नये. विचारायला बाहेरच्या माणसानेच नियमित गेले पाहिजे. पुढच्या उन्हाळ्याआधी जिल्ह्यात एवढे सुरू झाले, तरी अनेकजणी पोटभर पाणी पितील.