वय नव्हे, वेळ आडवी येते!

2019 साली गोव्यात देशातली पहिली ‘आयर्नमॅन 70.3’ झाली. 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं, तेही सलग! तेव्हापासून ट्रायथलॉन माझ्या डोक्यात बसली. त्यातला ‘स्प्रिंट’ प्रकार आपल्या आवाक्यातला. 750 मीटर पोहायचं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धावायचं. पंचेचाळिशीत तयारी सुरू केली, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, “काय वं, या वयात कायले हे खूळ?”

पण मैत्रिणींनो, वयाची अडचण इथे नाहीच. वयोगट पाच-पाच वर्षांचे असतात. माझी बरोबरी 45 ते 49 वयाच्या बायकांशी, विशीतल्या पोरीशी नाही.

मग अडतं कुठे? माझं माहेर अमरावतीचं. 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ असलेल्या त्या गावात व्यायामाचं बाळकडू मिळालं, पोहणंही शिकले. आता सासरी, अकोल्यात, पहाटे धावता येतं, लेकीची सायकलही आहे. पण मी जाते त्या तलावावर बायकांची वेळ दुपारी चारची! ऊन डोक्यावर, मुलं शाळेतून यायची, चहा-नाश्ता करायचा. पहाटेच्या सगळ्या वेळा पुरुषांच्या. मग स्पर्धेत बायका कमी दिसल्या, की म्हणायचं, “बायकांना आवडच नाही!”

आम्ही अकरा जणींनी सह्या करून अर्ज दिला. आठवड्यातून दोन पहाटे मिळाल्या. दोनच, पण मिळाल्या! तुमच्या गावातल्या तलावावर बायकांची वेळ कोणती, एकदा विचारून तर बघा.