सिलॅबसबाहेरचं कपाट

एक सोपा प्रश्न. मार्क नाहीत, व्हायवा नाही. परीक्षेत येणार नाही हे पक्कं माहीत असूनही शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असं तुमचं शेवटचं पुस्तक कोणतं?

हा प्रश्न मी आमच्या विंगमध्ये रूम टू रूम फिरून विचारला. कोणाला दहावीच्या सुट्टीतली एखादी कादंबरी आठवली. दोघी-तिघींनी 'यशस्वी कसे व्हाल' छापाची पुस्तकं सांगितली. एकीने "आधी माझं जर्नल परत कर, मग सांगते" असं बाणेदार उत्तर दिलं. आता आपण वाचत नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. पीएलमध्ये रात्री तीन वाजता होस्टेलचा एकही दिवा बंद नसतो. पण ते वाचन पेपर टाकून बाहेर आलो की संपतं, आणि पुढच्या सेमला डोक्यात त्यातलं काय उरतं ते आपलं आपल्याला ठाऊक!

माझं म्हणणं थोडक्यात असं: इंजिनिअर होणाऱ्या माणसाला केवळ कुतूहलापोटी वाचलेली, खऱ्या गोष्टींची पुस्तकं लागतातच. छंद म्हणून नव्हे, कामाचा भाग म्हणून. इंग्रजीत याला नॉन-फिक्शन म्हणतात. मराठीत 'ललितेतर' म्हणतात, असं मराठी विभागाच्या संपादकांनी मला सांगितलं. (मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे असे शब्द मला कोणीतरी सांगावे लागतात. सांभाळून घ्या.) नुसतं 'वाचा, वाचा' म्हणण्यापेक्षा मी वाचलेल्या काही पुस्तकांबद्दलच सांगते.

पहिलं पुस्तक रिचर्ड फाइनमनचं, 'शुअरली यू आर जोकिंग, मिस्टर फाइनमन!' (1985). या नोबेलविजेत्या फिजिसिस्टचे तिजोऱ्या उघडण्याचे आणि ड्रम वाजवण्याचे किस्से प्रसिद्ध आहेत. पण मला सगळ्यात जास्त झोंबलं ते ब्राझीलचं प्रकरण. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तो तिथे शिकवायला गेला होता. मुलांना पोलराइज्ड लाइटची व्याख्या, नियम, सगळं धडाधड येत होतं. पण समोर खिडकीबाहेर समुद्र चमकत होता, आणि त्या पाण्यावरून परतणारा उजेड म्हणजेच आपण पाठ केलेली गोष्ट, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. मग तो एका इंजिनिअरिंगच्या लेक्चरला जाऊन बसला. सर वाक्य सांगतायत आणि मुलं उतरवून घेतायत. विषय मोमेंट ऑफ इनर्शिया. पण दाराच्या कडेला वजन लावलं तर दार ढकलायला जड जातं आणि बिजागरीजवळ लावलं तर तितकं जात नाही, एवढी साधी गोष्ट कोणी बोललं नाही.

वाचताना मला वाटलं, हा माणूस ब्राझीलला कशाला गेला, आमच्याच मागच्या बाकावर बसला असता तरी चाललं असतं! सरांनी आणि मॅडमनी रागावू नये. डिक्टेशन द्यायला सांगणारे बरेचदा आम्हीच असतो.

दुसरं पुस्तक हेन्री पेट्रोस्कीचं, 'टू इंजिनिअर इज ह्यूमन' (1985). पेट्रोस्की स्वतः सिव्हिल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. इंजिनिअरिंग पुढे जातं ते यशाइतकंच, किंबहुना जास्तच, अपयशातून शिकून, असं त्यांचं म्हणणं. त्यातलं एक उदाहरण प्रत्येक सिव्हिल-मेकवाल्याला माहीत असायला हवं. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये एका हॉटेलच्या लॉबीत छताला टांगलेले पादचारी पूल होते. चौथ्या मजल्याचा पूल वर आणि दुसऱ्या मजल्याचा बरोबर त्याच्या खाली. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून एकच लांब रॉड दोन्ही पुलांमधून जात होता. बांधायला सोपं जावं म्हणून त्या एका रॉडचे दोन केले. पहिला छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर बघितलं तर किरकोळ बदल.

आता असा विचार करा. एका दोराला दोन माणसं वर-खाली लटकली आहेत. प्रत्येकाच्या मुठीवर आपापलं वजन. पण खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले तर? दोरावर ताण तितकाच, पण वरच्याच्या मुठीवर दुप्पट! तेच झालं. वरच्या पुलाच्या नटबोल्टवर दोन्ही पुलांचा भार आला. 17 जुलै 1981 च्या संध्याकाळी लॉबीत नाचाचा कार्यक्रम रंगात असताना ते पूल कोसळले आणि 114 माणसं गेली. चौकशीत निघालं की मूळ डिझाइनसुद्धा नियमाने लागणाऱ्या ताकदीच्या साठ टक्क्यांपर्यंतच पोचत होतं. बदललेलं तर त्याच्याही निम्मं.

हा प्रॉब्लेम आपल्याला सेकंड इयरला पाच मार्कांना आला असता तर फ्री बॉडी डायग्राम काढून आपण सोडवला असता. गणित अवघड नव्हतंच. ते करून बघावंसं कोणाला वाटलं नाही. 'हे असं का बदललं?' हा प्रश्न योग्य वेळी कोणी विचारला नाही. दोन वर्षांनी आपल्यापैकी कोणीतरी अशाच एखाद्या ड्रॉइंगवर सही करणार आहे. म्हणून म्हणते, कुतूहल ही चैनीची गोष्ट नाही.

तिसरं पुस्तक छोटंसं आहे, एका वीकेंडला संपेल असं. डावा सोबेल यांचं 'लाँजिट्यूड' (1995). भर समुद्रात जहाज नेमक्या कोणत्या रेखांशावर आहे हे पूर्वी कळायचंच नाही. 1707 मध्ये सिली बेटांजवळ इंग्लंडच्या आरमाराची चार जहाजं खडकांवर आपटली आणि हजारावर खलाशी बुडाले. मग 1714 मध्ये पार्लमेंटने 20,000 पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. तत्त्व सोपं होतं. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. म्हणून निघालेल्या बंदरावर आत्ता किती वाजले आणि इथे किती वाजले, एवढं कळलं की झालं. (आपलंच बघा ना. भारताची वेळ 82.5 अंश रेखांशाची. गुणिले चार, म्हणजे 330 मिनिटं, म्हणजेच ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास!) पण हलत्या जहाजावर, उन्हात-थंडीत बरोबर चालणारं घड्याळ बनवायचं कोणी? मोठमोठे विद्वान आकाशाकडे बघत राहिले आणि घड्याळ बनवलं जॉन हॅरिसन नावाच्या एका सुताराच्या मुलाने. त्याचं चौथं घड्याळ 1761 साली जमैकाच्या प्रवासाला गेलं आणि 81 दिवसांत फक्त पाच सेकंद मागे पडलं. तरी त्याला पैशासाठी झगडावं लागलं. शेवटी पार्लमेंटने 1773 मध्ये हिशोब मिटवला तेव्हा तो ऐंशीचा झाला होता. प्रोजेक्ट गाईडने तिसऱ्यांदा रिपोर्ट परत केला की मी हॅरिसनची आठवण काढते. बरं वाटतं.

एवढं वाचून ईटीसी आणि कॉम्पवाले म्हणतील, ही सगळी मशीनवाल्यांची पुस्तकं. मग पी. साईनाथ यांचं 'एव्हरीबडी लव्ह्ज अ गुड ड्राउट' (1996) घ्या. 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने ते मराठीतही आलं आहे. देशातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांत फिरून त्यांनी वर्तमानपत्रासाठी रिपोर्ट लिहिले, त्यांचं हे पुस्तक. त्यात ओरिसातली एक गोष्ट आहे. गरिबांना जर्सी जातीच्या संकरित गाई मिळाव्यात अशी एक योजना आली. संकर बिघडू नये म्हणून त्या भागातले गावठी वळू खच्ची केले. योजनेतून जन्मली फक्त आठ वासरं, आणि खरियार नावाची दणकट स्थानिक जात त्या भागातून नाहीशी झाली. हेतू चांगला, पैसा भरपूर, कागद सगळे व्यवस्थित. आणि ज्यांच्यासाठी योजना, त्यांना कोणी विचारलंच नाही. कॅन्सस सिटीत पूल पडला तो सगळ्यांना दिसला. इथे पडलेलं काही दिसत नाही, म्हणून असं पुस्तक लागतं. युजरला न विचारता सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी तर नक्की वाचावं.

आता मराठीकडे वळते. कॉन्व्हेंटवाल्यांची आपापसात एक समजूत असते की मराठी म्हणजे कविता, विनोद आणि नाटक, बाकी 'माहिती' हवी तर इंग्रजी. मराठीचं एक पान वाचायला मला अजून इंग्रजीच्या दुप्पट वेळ लागतो. तरीही सांगते, ही समजूत साफ खोटी आहे.

विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' घ्या. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या वरसईचे हे भटजी. घरावर कर्ज झालेलं. उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा बरी मिळेल, म्हणून काकांबरोबर घराबाहेर पडले. साल होतं 1857! दक्षिणेऐवजी पुढ्यात आलं ते बंड. 1858 मध्ये इंग्रजांची फौज झाशीत शिरली तेव्हा हे गृहस्थ शहराच्या आत होते. तोफा, लूट, भूक, भीती, सगळं डोळ्यांनी बघितलं, आणि अखेर गंगेची कावड घेऊन गावी परतले. लिहिलेलं पुस्तक छापून आलं ते 1907 मध्ये, त्यांच्या पश्चात. शाळेत आपण 1857 ची 'कारणे व परिणाम' आठ मुद्द्यांत लिहिली. वाटेत सापडलेल्या साध्या माणसाला ते कसं दिसलं, हे त्या आठ मुद्द्यांत कुठेच नव्हतं.

आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग 1934 चा. शाळेत न गेलेली ही बाई. लहानपणीच लग्न झालं. पती कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार मधोमध तुटला. पुढे दोघं पुन्हा एकत्र आले, काही वर्षांनी त्यांनीही तो धर्म स्वीकारला. एवढं सगळं सोसलेलं, पण पानोपानी हसू येतं, आणि ते हसू बहुतेक वेळा स्वतःवरचं असतं. वाक्यं तर अशी साधी की माझ्यासारखीलाही डिक्शनरी लागली नाही. पुस्तक भारी असायला भाषा जड असावी लागत नाही, हे मला इथे कळलं.

ज्यांना अगदी सुरुवातच करायची आहे त्यांनी वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' (1981) किंवा जयंत नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व' घ्यावं. ही दोन्ही पुस्तकं तुमच्या घरी किंवा शेजारी असण्याची शक्यता बरीच आहे. आईला फोन करून विचारा.

आता नेहमीचे आक्षेप. 'वेळ नाही.' सबमिशनच्या आठवड्यात नसतोच, कबूल. पण मेसच्या रांगेत आणि झोपण्यापूर्वी मोबाईलवर अंगठा फिरवण्यात जाणारा वेळ आपण कधी मोजत नाही. 'सगळं मोबाईलवर मिळतं.' उत्तर मिळतं, हो, दोन सेकंदांत. पण प्रश्न तुम्हालाच टाइप करावा लागतो ना? जो प्रश्न आपल्या मनात कधी आलाच नाही तो पुस्तकाच्या एकशे चाळिसाव्या पानावर अचानक समोर उभा राहतो. रॉड बदलल्यावर काय होतं, हे मी कधी सर्च केलं असतं? 'पुस्तकं महाग.' मग वाटून घ्या. एका विंगमधले दहा जण वर्षाला एकेक पुस्तक घेतील तर प्रत्येकाला दहा मिळतात. हे गणित तरी आपल्याला यायला हरकत नाही. आणि 'यशस्वी कसे व्हाल'वाल्यांशी माझं भांडण नाही. फरक एवढाच, की ती पुस्तकं सल्ला देतात. ही पुस्तकं घडलेलं सांगतात आणि ठरवायचं आपल्यावर सोडतात.

म्हणून शेवटी एक मागणी. आपल्या रीडिंग रूममध्ये कोपऱ्यात एक लोखंडी कपाट आहे. त्यात जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आहेत आणि बाहेर कुलूप. रेक्टर सरांना नम्र विनंती, ते कपाट मोकळं करून द्यावं आणि कुलूप काढावं. तिथे फक्त सिलॅबसबाहेरची पुस्तकं राहतील. इश्यू काउंटर नको, दंड नको, एक वही पुरे. पुस्तक नेलं की नाव लिहायचं, आणलं की खोडायचं. सर आणि मॅडम, तुमच्यापैकी प्रत्येकाने स्वतःला आवडलेलं एकेक पुस्तक तिथे ठेवावं आणि पहिल्या पानावर 'हे का वाचावं' याची एक ओळ लिहावी. तुम्ही विषयाबाहेर काय वाचता, याचं आम्हाला खरंच फार कुतूहल आहे.

पुस्तकं चोरीला जातील, असं म्हणणारे भेटलेच. जाऊ देत. इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये 'लाँजिट्यूड' चोरीला गेलं, तर ती आपल्यासाठी अभिमानाची बातमी ठरेल. पुढच्या अंकात मी ती स्वतः छापायला देईन.

— टी. ई. मेकॅनिकल, लेडीज होस्टेल