दारावरचा पैसा कोणाच्या नावावर?

न्हावा शेवा बंदराच्या आसपास, उलवे-उरण-पनवेलच्या पट्ट्यात, क्लबमध्ये डीजेची एक रात्र ठेवू, तिकीट लावू आणि जमेल ते एखाद्या गरजूच्या उपचाराला देऊ, असे कोणी सुचवले की पहिला आक्षेप ठरलेला असतो. दान करायचे तर सरळ करा, त्याला नाचगाणे आणि अंधारे दिवे कशाला? असे म्हणणाऱ्यांच्या मागे अनुभव आहे. २००५ साली राज्यात डान्सबारबंदी आली, त्या वादात पनवेलचे नाव सतत घेतले जात होते. महामार्गालगतच्या त्या बारांनी संपादित जमिनींच्या मोबदल्याचे पैसे कसे गिळले, हे या भागातल्या घरांना सांगावे लागत नाही. म्हणून हा आक्षेप हसण्यावारी नेणे मला मान्य नाही. पण तो जिथवर खरा आहे तिथवरच धरला पाहिजे. करमणुकीतून आलेला पैसा मुळातच विटाळलेला असतो, इथपर्यंत तो गेला की मराठी समाजाचा स्वतःचा इतिहासच त्याच्या आड येतो.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, एकमेकांशी चुरस असलेल्या दोन नाटक मंडळ्यांचे मालक, एका रंगमंचावर उभे राहिले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. त्या काळी नाटकवाल्यांकडे प्रतिष्ठित समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही त्या रात्रीच्या गल्ल्यामुळे स्वराज्याचे काम बाटले असे आज कोणी म्हणणार नाही. पुढे डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा अशा कलावंतांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले आणि त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागले. लोक आले होते ते खळखळून हसायला, धरणग्रस्त आणि दलित वस्त्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांना पगार द्यायला कोणी आले नव्हते. पण दोन्ही गोष्टी एकाच तिकिटात झाल्या. आणि पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हा त्यामागे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची देणगी होती. लोकांना हसवून मिळवलेल्या पैशातून दारूतून माणसे बाहेर काढण्याचे काम उभे राहिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

इथे प्रतिपक्ष म्हणेल, नाटक वेगळे आणि क्लब वेगळा. नाट्यगृहाच्या दारात दारू विकत नाहीत. हा फरक खरा आहे आणि माझ्या मते मर्यादा इथेच घालायची. दान दारावरच्या तिकिटातून यावे, बारच्या बिलातून येऊ नये. ‘प्रत्येक ग्लासमागे इतके रुपये रुग्णासाठी’ असा फलक लागला की माणसाला जास्त प्यायला एक पुण्याचे कारण मिळते, आणि ते अक्षम्य आहे. दारूचा धंदा करणाऱ्याला आपली रात्र धर्मादाय म्हणून मिरवायची असेल, तर तिकिटाचा पैसा त्याच्या हाती लागताच कामा नये. राज्यात बिअर-वाइनला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षे वयाची अट आहे. धर्मादाय रात्री ती सैल होता कामा नये, उलट ती अधिक काटेकोर पाळली पाहिजे. काही ठिकाणी बार बंद ठेवूनही रात्र रंगेल. इथल्या आगरी-कोळी हळदीत बँजो आणि डीजेवर अख्खे गाव नाचते. नाचायला निमित्त हवे असते, बाटली हवीच असे नाही.

मौजेसाठी तिकीट काढणाऱ्याला दाता म्हणावे का, हा आक्षेप मी थोडक्यात सोडवतो. तो दाता आहे की गिऱ्हाईक, हे त्याने ठरवावे. डायलिसिसचे बिल भरणाऱ्या घराला दोन्ही सारखेच. उलट, कंटेनर फ्रेट स्टेशनात पाळीवर राबणारी, गावच्या मंडळाची पावती कधी न फाडलेली, बाहेरून आलेली तरुण मुले पहिल्यांदा चार पैसे देतील ती बहुधा अशाच एखाद्या रात्री.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो न्हावा शेव्यातच नीट कळतो. दान हे हक्काच्या जागी बसवले जाते, असे तो सांगतो. या बंदरासाठी आणि नवी मुंबई या नव्या शहरासाठी इथल्या माणसांनी जमिनी दिल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या, जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या लढ्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व त्या रक्तातून आले. बंदर १९८९ साली सुरू झाले. शेवा कोळीवाड्यातली कुटुंबे उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात नेली, तिथल्या घरांना वाळवी लागली, आणि पुन्हा नीट पुनर्वसन व्हावे म्हणून ती माणसे दशकानुदशके अर्ज-आंदोलने करत राहिली. अशा घराच्या दुरुस्तीसाठी क्लबची रात्र ठेवणे मला अपमानकारक वाटते. ते देणे आहे, आणि देणेकऱ्याकडूनच वसूल झाले पाहिजे. धर्मादाय रात्रीने रक्कम कमी, मुदत ठरलेली आणि कोणाचीही कायदेशीर जबाबदारी नसलेली गरज निवडावी: एका रुग्णाची शस्त्रक्रिया, अपघातात गेलेल्या ट्रेलरचालकाच्या मुलांची वर्षभराची फी. पण हक्क मिळेपर्यंत दान थांबवा, हे मात्र मला पटत नाही. रुग्ण न्यायालयाच्या तारखांची वाट पाहू शकत नाही.

राहिला हिशेब, रात्र फसते ती बहुधा इथेच. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पं. रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जलसा केला. हेतू निखळ, कलाकार थोर. पण मदतसंस्थेशी व्यवस्था आधी बांधली नव्हती, आणि नंतर जमलेल्या मोठ्या रकमेचा भाग अमेरिकेच्या करखात्याच्या फेऱ्यात वर्षानुवर्षे अडकला. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क नुसार, नोंदणीकृत न्यास नसलेल्याने धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जावे लागते. गणेशोत्सव मंडळांना हा रस्ता दरवर्षीचा आहे. क्लबच्या रात्रीलाही तो चुकू नये.

कागदापेक्षा सोपी कसोटी दारावरच होते. टेबलावर क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला असतो. तो स्कॅन केला की रक्कम टाकण्याआधी फोनवर खातेदाराचे नाव उमटते. तिथे क्लबच्या मालकाचे किंवा आयोजक पोराचे नाव दिसले तर तिकीट काढू नये. न्यासाचे नाव दिसले तर मनगटाला पट्टी बांधून खुशाल आत जावे. आणि दुसऱ्या दिवशी, मंडपाबाहेर मंडळे लावतात तसा एक फलक त्याच दाराशी लागावा: तिकिटे किती गेली, डीजे-ध्वनी-सुरक्षा यांना किती दिले, उरले किती आणि ते कोणत्या तारखेला कोणत्या खात्यात गेले. खर्च गल्ल्याहून जास्त झाला असेल, तर तेही तिथेच, तशाच ठळक अक्षरांत.