नक्कल करावी तर अशी

नक्कल या शब्दाला आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही. परीक्षेत केली तर कॉपी, रंगमंचावर केली तर थिल्लरपणा. पण गेली काही वर्षे प्रयोगशाळांतून खुद्द आपल्या शरीराची एक नक्कल चालली आहे आणि ती मला अस्सलापेक्षाही शहाणी वाटते.

विळीवर बोट कापते आणि आठवड्याभरात कातडी भरून येते. जखमेभोवतीच्या पेशींना ‘वाढा’, ‘इकडे या’ असे निरोप देणारी प्रथिने हे काम करवून घेतात. त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. या निरोप्यांच्या शोधासाठी रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल मिळाले.

मग हे निरोपे बाहेरून का पाठवू नयेत? पाठवून झाले. हाड वाढवणारे बीएमपी-२ हे प्रथिन अमेरिकेत २००२ साली कंबरेच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मान्य झाले. शरीर ज्याचा कणभर वापर करते, ते तिथे कित्येक पटींनी द्यावे लागे, कारण ठेवल्या जागी ते फार काळ टिकत नाही. काही डॉक्टरांनी ते मानेच्या मणक्यांत वापरले. काही रुग्णांचा गळा सुजून श्वास अडला, आणि २००८ साली तिथल्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. वाढीचा निरोप भलत्या ठिकाणी पोचणे ही साधी गोष्ट नव्हे.

इथे नक्कल कामी आली. किल्ली कितीही लांब असो, कुलूप उघडतात ते तिचे दात. नव्या रक्तवाहिन्या फुटवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाच्या नेहमीच्या रूपात १६५ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या असतात. २००५ साली इटलीतील संशोधकांनी त्यातल्या ‘दातां’च्या आकाराची अवघ्या १५ अमिनो आम्लांची साखळी बनवली, आणि पेशींनी तिचाही निरोप ऐकला. अशा आखूड साखळीला पेप्टाइड म्हणतात.

पण एवढासा तुकडा तर आणखी लवकर वाहून जाणार! त्यावरचा तोडगा यीस्टमध्ये सापडला. एमआयटीतील शुगुआंग झांग यांनी यीस्टच्या एका प्रथिनातून उचललेले पेप्टाइड मिठाच्या पाण्यात टाकताच त्याचे रेणू एकमेकांना बिलगले आणि डोळ्यांना दिसेल असा पापुद्रा तयार झाला. ते संशोधन १९९३ साली प्रसिद्ध झाले. शरीरातले द्रवही खारटच. म्हणजे सुईतून पाण्यासारखे गेलेले औषध आत जाऊन आपले आपण जेलीसारखे थिजते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील सॅम्युएल स्टुप यांनी पेप्टाइडला चरबीची शेपटी जोडली. साबणाच्या रेणूप्रमाणे शेपट्या पाण्यापासून आत लपतात, अतिसूक्ष्म तंतू बनतो आणि त्याच्या बाहेरच्या अंगावर निरोप मिरवत राहतो. मचाणही तेच, निरोप्याही तोच.

२०२१ साली स्टुप यांच्या गटाने मज्जारज्जू दुखावलेल्या उंदरांना असे एकच इंजेक्शन दिले. तंतूंवर दोन निरोप होते, एक मज्जातंतूंना पुन्हा वाढवणारा आणि दुसरा एफजीएफ-२ या ग्रोथ फॅक्टरची नक्कल करणारा. चार आठवड्यांत उंदीर चालू लागले. गंमत अशी की निरोप तेच ठेवून ज्या तंतूंतले रेणू अधिक हलते होते, त्यांचा गुण अधिक आला. पेशींवरचे ग्राही स्वतःच सतत हलत असतात, त्यांना गाठायला हलता निरोप्या बरा, असे स्टुप यांचे म्हणणे.

ही बातमी आपल्याकडेही आली आणि तिचे कात्रण घेऊन आमच्या शेजारचे काका माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा बांधकामाच्या परातीवरून पडला, तेव्हापासून कंबरेखाली संवेदना नाही. ‘‘हे कुठे मिळेल? घर विकायची तयारी आहे,’’ एवढेच ते म्हणाले. बातमीत न आलेला एक तपशील मला त्यांना सांगावा लागला. उंदरांना इंजेक्शन मिळाले ते इजेनंतर चोवीस तासांनी. त्यांच्या मुलाच्या इजेला तीन वर्षे झाली होती.

काका गप्प बसले. मला भीती वाटते ती या गप्प बसण्याची नव्हे, तर त्याच कात्रणावर उद्या कुणी दुकान थाटील याची. स्टेम सेलच्या बाबतीत हे होऊन गेले आहे. रक्ताचे विकार वगैरे मोजके मान्य उपयोग वगळता ते उपचार चाचणीबाहेर देऊ नयेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेले असताना लकव्यावर, ऑटिझमवर त्यांचे पॅकेज विकले गेलेच.

या पेप्टाइडांच्या घराण्यातले एक साधे भावंड, निरोपाविना नुसतेच थिजणारे, आतड्यांतला रक्तस्राव थांबवायला जपान-अमेरिकेत मान्य झाले आहे. म्हणजे रस्ता खरा आहे. पण निरोप वाहणाऱ्या तंतूंना अजून बरेच अंतर कापायचे आहे.

काकांना मी कागदावर दोन प्रश्न लिहून दिले. कुणी उपचार देऊ केले तर आधी विचारायचे, ही चाचणी असेल तर सरकारी नोंदवहीत तिचा क्रमांक काय? २००९ पासून आपल्याकडे ती नोंद सक्तीची आहे. आणि दुसरा, चाचणी म्हणता, तर मग पैसे कशाचे घेता? तो कागद त्यांनी कात्रणाला टाचणी लावून ठेवला आहे.